वाढती शहरे आणि स्थलांतरितांची सुरक्षितता : पिंपरी-चिंचवडच्या संदर्भात एक अभ्यास

स्थलांतर हा आपल्या वाचकांना नवा विषय नाही. या स्मरणिकेच्या सभासद यादीवरून नजर फिरवली तरी लातूर, नांदेड, बीड, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव), परभणी, सोलापूर या जिल्ह्यांतून आलेली किती कुटुंबे आपल्यात आहेत हे कळून येते. कुणाचे वडील १९७२ च्या दुष्काळात आले, कुणी १९९३ च्या भूकंपानंतर घर सोडले, कुणी आय.टी.आय.चे प्रमाणपत्र पिशवीत घालून एस.टी.ने भोसरीला उतरले. तेव्हा ‘स्थलांतरित’ हा शब्द उच्चारताना आपण दुसऱ्या कुणाविषयी बोलत आहोत असे मानण्याचे कारण नाही. मात्र एकदा शहरात आपले बस्तान बसले, रेशनकार्ड झाले, मुलाची शाळा लागली, की काल रात्रीच्या गाडीने उतरलेला माणूस आपल्याला परका वाटू लागतो. या लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

शहर वाढते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी पिंपरी-चिंचवडइतके सोयीचे उदाहरण नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शिवारात कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख १७ हजार होती. २००१ मध्ये ती १० लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांच्या घरात पोहोचली. म्हणजे वीस वर्षांत शहर तिपटीहून मोठे झाले. त्यानंतरचा अधिकृत आकडा आपल्याजवळ नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. पाणी, दवाखाने, शाळा यांचे नियोजन इतकी वर्षे जुन्या मोजणीवर चालले आहे. जो २०११ नंतर आला तो काम करतो, भाडे भरतो, बाजारात खर्च करतो, परंतु शहराच्या हिशेबात तो अजून आलेला नाही.

विद्यार्थ्यांनी येथे एक फरक समजून घ्यावा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. हा आकडा ऐकून दचकायला होते. परंतु यात सर्वांत मोठा भाग विवाहामुळे सासरी गेलेल्या स्त्रियांचा आहे. रोजगारासाठी आलेले लोक त्या मानाने कमी दिसतात, आणि जे हंगामापुरते, सहा-आठ महिन्यांसाठी येतात, ते तर मोजणीतून बहुधा निसटतातच. वीटभट्टीवरचा, बांधकामावरचा, गुऱ्हाळावरचा मजूर मोजणीच्या दिवशी कुठे असेल याचा नेम नसतो. आणि सुरक्षिततेची गरज त्यालाच अधिक.

काम आणि पत्ता

माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाची गाठ एका ठिकाणी आहे. शहर माणसाला काम ताबडतोब देते, पण पत्ता द्यायला वर्षानुवर्षे लावते. आणि आपल्याकडील सुरक्षिततेच्या जवळजवळ सर्व व्यवस्था, म्हणजे धान्य, मतदान, दाखले, नोंदणी, बँक, या पत्त्याला बांधलेल्या आहेत. काम मिळण्याचा दिवस आणि पत्ता मिळण्याचा दिवस यांच्यामध्ये जो काळ जातो, तोच स्थलांतरिताच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ होय.

प्रस्तुत लेखक १९८८ मध्ये लातूर जिल्ह्यातून भोसरीला आला. तिसऱ्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून काम लागले. राहायला गाववाल्याची खोली होती, कॉट बेसिसवर. आठ जण आणि चार कॉट. दिवसपाळीचे लोक रात्री झोपत आणि रातपाळीचे दिवसा. घरून येणाऱ्या पत्रावर माझ्या नावाखाली ‘द्वारा’ लिहून त्या गाववाल्याचे नाव असे. पुढे तो खोली सोडून गेला आणि आईने पाठवलेली दोन पत्रे मला कधीच मिळाली नाहीत. रेशनकार्ड व्हायला सहा वर्षे लागली. तोवर स्टोव्हसाठी रॉकेल काळ्या बाजारातून घ्यावे लागे, कारण कार्ड नाही म्हणून रॉकेल नाही आणि कार्ड नाही म्हणून गॅसही नाही. यात कुणा एकाचा दोष होता असे मला वाटत नाही. कार्यालयातील कारकून भाडेपावती मागे, घरमालक भाडेपावती देत नसे, आणि दोघांचेही आपापल्या जागी चालत असे.

या ‘द्वारा’ने मला त्या काळी तारले हेही सांगितले पाहिजे. सरकारी यंत्रणा जेथे पोहोचत नाही तेथे गाववाला पोहोचतो. तोच काम लावतो, तोच उसने देतो, आजारपणात तोच दवाखान्यात नेतो. परंतु गाववाल्याची साखळी ही बहुतेक वेळा नात्याची आणि जातीची साखळी असते. ज्याच्या जातीचे लोक मुकादम, सुपरवायझर, घरमालक झाले आहेत त्याचा ‘द्वारा’ बळकट असतो. ज्याचे कुणीच पुढे गेलेले नाही त्याला रस्त्यापासून सुरुवात करावी लागते. गावची उतरंड शहरात अशी मागच्या दाराने येते.

जुना अनुभव

शहरात गेले की जात मागे राहते, असा एक समज होता. तो सर्वस्वी खोटा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही गावगाड्याकडे कधी कौतुकाने पाहिले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. परंतु शहराचा त्यांचा स्वतःचा अनुभव काय होता? १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरी होती, पगार होता. राहायला जागा नव्हती. हिंदू खानावळीत प्रवेश मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. अखेर सार्वजनिक बागेत तासन्‌तास बसून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईला परतावे लागले. हा प्रसंग आपल्या सभांतून अपमानाची कथा म्हणून सांगितला जातो व तो तसा आहेच. परंतु स्थलांतराच्या अभ्यासकाने तो आणखी एका दृष्टीने वाचावा : शिक्षण आणि नोकरी दोन्ही असूनही केवळ निवारा नाही म्हणून एका माणसाला शहर सोडावे लागले.

मुंबईच्या गिरण्यांत हीच गोष्ट कामाच्या बाबतीत घडली. कोकण आणि देशावरून आलेल्या अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई. ज्या खात्यात मजुरी अधिक तेच खाते बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आज धागा तोंडाने ओढत नाहीत. पण भाड्याची खोली बघायला गेल्यावर ‘आडनाव काय?’, ‘मांसाहार करता का?’ हे प्रश्न कशासाठी विचारले जातात, हे आपल्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांबाबत जात आणि धर्म पाहून नकार दिला जातो हे दाखवून दिले आहे.

जेथे काम तेथेच झोप

पत्ता नसण्याचा सर्वांत भयंकर परिणाम कागदावर दिसत नाही. तो रात्री दिसतो. ज्याला खोली परवडत नाही किंवा मिळत नाही, तो कामाच्या जागीच झोपतो. बांधकामावरचा मजूर पत्र्याच्या शेडमध्ये, दुकानातला पोऱ्या पोटमाळ्यावर, भंगाराच्या गोदामातला हमाल गोदामात, सुरक्षारक्षक जिन्याखाली. मालकालाही हे बरे असते, कारण फुकटची राखण होते.

पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर कोसळली. १५ जण मेले, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक बिहारमधून आलेले. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावातही मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडून ६ जण गेले. आपल्या शहरात चिखलीच्या पूर्णानगरमध्ये ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच झोपणारे राजस्थानी कुटुंब, पती-पत्नी आणि दोन मुले, जळून गेले. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी भोसरीत एका लेबर कॅम्पमधील पाण्याची तात्पुरती टाकी फुटली. सकाळी कामावर जाण्यापूर्वी टाकीजवळ आंघोळीला जमलेल्या मजुरांपैकी ५ जण दगावले.

या घटनांना आपण अपघात म्हणतो. वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी येते, मदत जाहीर होते. परंतु नीट पाहिले तर या सगळ्यांत एकच कारण पुन्हा पुन्हा येते. भिंत पडली तरी तिच्या पायथ्याशी माणसे झोपलेली नसती तर जीव गेले नसते. दुकान जळाले असते, कुटुंब वाचले असते. टाकी, शेड, शौचालय ही सारी ‘तात्पुरती’ असतात आणि तात्पुरत्या गोष्टीची तपासणी कुणी करीत नाही. मजूर मात्र एका तात्पुरत्या शेडमधून दुसऱ्या तात्पुरत्या शेडमध्ये जात आयुष्याची वीस वर्षे काढतो.

वास्तविक बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने कामाच्या जागेजवळ मजुरांना विनामूल्य तात्पुरता निवारा, पिण्याचे पाणी, शौचालय देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा करून त्यातून कल्याणकारी मंडळ चालवण्याची तरतूदही तेव्हाच झाली. महाराष्ट्रात त्याचे नियम २००७ मध्ये आले, म्हणजे अकरा वर्षांनी! या मंडळाचे लाभ, म्हणजे मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, मृत्यूनंतर वारसाला साहाय्य, चांगले आहेत. अट अशी की कामगाराचे वय १८ ते ६० असावे आणि मागील बारा महिन्यांत त्याने ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे. ९० दिवस तर प्रत्येकाचे भरतात. पण तसे लिहून कोण देणार? सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहणारा बिगारी आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. मुकादम हजेरी आपल्या वहीत मांडतो आणि ती वही उचल वळती करण्यासाठी असते, सरकारला दाखवण्यासाठी नव्हे. हा दाखला ठेकेदार देत नसेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडून मिळवता येतो, हे फारच थोड्या मजुरांना माहीत असते.

कायद्यातील एक फट

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यात परवाना, नोंदणी, प्रवासभत्ता, निवारा सारे काही होते. पण तो ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या कामगारांपुरता होता. स्वतःहून गाडीत बसून आलेला त्यात बसत नव्हता. आणि बहुतेक लोक गाववाल्याच्या निरोपावरून स्वतःच येतात.

मार्च २०२० मध्ये या कायद्याची खरी परीक्षा झाली. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली आणि कोणत्या शहरात किती परप्रांतीय मजूर आहेत हे सांगू शकेल अशी नोंदवही कुठल्याही कार्यालयात सापडली नाही. लोक चालू लागले. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते. तेथून मध्य प्रदेशात आपल्या गावी जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. श्रमिक गाड्या १ मे पासून सुरू झाल्या होत्या. आपल्या भागातही त्या दिवसांत घरमालकांनी भाड्यासाठी कुलपे लावल्याची आणि काहींनी दोन-दोन महिन्यांचे भाडे सोडून दिल्याची, अशी दोन्ही उदाहरणे मी पाहिली आहेत.

त्या अनुभवानंतर असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. २०२० मध्ये मंजूर झालेल्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९७९ व १९९६ चे कायदे त्यांत विलीन झाले. नव्या संहितेत स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले आहे, आणि वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद आहे. ही सुधारणा होय, तिचे स्वागत केले पाहिजे. मासिक वेतन १८ हजार रुपयांपर्यंत असावे अशी मर्यादा आहे, तीही समजण्यासारखी.

परंतु विद्यार्थ्यांनी ‘आंतरराज्य’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. कटिहारहून आलेला कामगार यात बसतो. किनवटहून आलेला बसत नाही. किनवट ते भोसरी हे अंतर साडेपाचशे किलोमीटरहून कमी नाही. तो माणूसही शेत गहाण टाकून आलेला असतो, त्याच शेडमध्ये झोपतो, त्याच टाकीखाली आंघोळ करतो. केवळ राज्याची सीमा ओलांडली नाही म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो स्थलांतरित नाही. आपल्या शहरातील कष्टकऱ्यांत असे राज्यांतर्गत स्थलांतरित फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यासाठी कायद्यात नावही नाही, ही गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटनांनी हा मुद्दा जितका लावून धरायला हवा तितका धरलेला नाही.

आणखी एक गोष्ट. परप्रांतीयांविरुद्ध राज्यात अधूनमधून वातावरण तापते. २००८ मध्ये उत्तर भारतीयांना मारहाण झाली, त्याआधी साठच्या दशकात मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध मोहीम झाली. त्या वेळी आपल्यातीलही काही तरुणांना यात काही वावगे वाटत नाही. पण ‘मराठवाड्याचे लोक आले आणि वस्त्या वाढल्या’ हे वाक्य याच शहरात मी मराठी माणसाच्या तोंडून माझ्याविषयी ऐकले आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने देशात कुठेही संचार करण्याचे व वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि अनुच्छेद १५ ने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली आहे. धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान हे शब्द त्या अनुच्छेदात एका ओळीत आहेत.

कागदांविषयी काही उपयुक्त माहिती

घरभाड्याचा करार प्रथम घेऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे व तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. असे असूनही आपल्याकडील खोल्यांच्या चाळींत करार क्वचितच होतो. याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये येथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. परंतु माणसे ज्या वेगाने आली त्या वेगाने घरे झाली नाहीत. लोकांनी अर्धा-एक गुंठा घेऊन विनापरवाना बांधले आणि वर दोन खोल्या भाड्याने दिल्या. २०२१ मध्ये प्राधिकरणच विलीन झाले. बांधकामच अनधिकृत असल्याने मालकाला करार नोंदवण्याची धास्ती वाटते. तोही बहुधा कालचा स्थलांतरितच असतो, हे विसरून चालणार नाही. तरी भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याबाबत मात्र तो दक्ष असतो. म्हणजे नव्याने आलेल्या माणसाचे नाव सर्वप्रथम ज्या वहीत चढते ती पोलिसांची असते.

धान्याविषयी. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना ऑगस्ट २०१९ मध्ये चार राज्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. जून २०२२ पर्यंत ती देशभर लागू झाली. गावच्या कार्डावर नाव असलेला माणूस शहरातील कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकतो आणि उरलेले गावी कुटुंब घेऊ शकते. माणशी ५ किलो धान्य हा अन्नसुरक्षा कायद्याचा हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. यासाठी शहरात नवे कार्ड काढण्याची गरज नाही, भाडेकराराची तर मुळीच नाही. दुकानदार ‘बाहेरचे कार्ड चालत नाही’ म्हणाला तर ते खरे नाही. मात्र कार्ड आधारशी जोडलेले पाहिजे, आणि ज्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झाले व सासरच्या कार्डात चढले नाही ती दोन्हीकडून वंचित राहते. अशा स्त्रिया आपल्या वस्त्यांत मी पुष्कळ पाहिल्या.

मुलांच्या शाळेबाबत तर कागदाचा बाऊ करण्याचे कारणच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. दिवाळीनंतर आलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात बसवले पाहिजे. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असते. पालकाला ठाऊक नसते, म्हणून तो परत जातो आणि मूल त्या वर्षी धाकट्या भावंडाला सांभाळते.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख निर्णायक आहे. त्या तारखेस पूर्वज जेथे राहत होते तेथील पुरावा लागतो. पंजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा किंवा गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. शहरात जन्मलेल्या मुलाला हे शब्द बारावीच्या सुट्टीत प्रथम ऐकायला मिळतात, आणि तोवर प्रवेशाची मुदत जवळ आलेली असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण पूर्वजांच्या नोंदीची गरज त्यामुळे संपली नाही. जे परराज्यातून आले त्यांची अडचण आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिलेल्या निर्णयानुसार एका राज्यातील अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. जातीचा जाच राज्याच्या सीमेवर थांबत नाही आणि सवलत मात्र थांबते, हे तर्काला पटणारे नाही. तथापि आज कायदा असा आहे आणि विद्यार्थ्यांनी तो जाणून पुढचा मार्ग ठरवावा.

मतदानाचे थोडक्यात. नाव एकाच ठिकाणी असू शकते, जेथे आपण सर्वसाधारणपणे राहतो तेथे. स्थलांतराची नोंद करण्यासाठी आता नमुना ८ भरावा लागतो. गावच्या भावकीच्या राजकारणापायी अनेकजण नाव तिकडेच ठेवतात. परिणामी येथील नगरसेवकाला त्यांच्या गटाराशी देणे-घेणे उरत नाही.

स्त्रियांची सुरक्षितता

स्थलांतरित म्हटले की डोळ्यांपुढे डबा घेतलेला पुरुष येतो. परंतु आमच्या आठ जणांच्या खोलीचे जेवण ज्या बाई करीत, त्याही निलंग्याकडून आलेल्या होत्या. अशा खानावळी चालवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या स्त्रियांची मजुरी बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर जोडीने मांडली जाते. ‘जोडी’ची हजेरी एकच, त्यामुळे नोंदणीही एकाचीच. लेबर कॅम्पमध्ये शौचालय लांब असेल तर बाई दिवसभर पाणी कमी पिते आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार होतात. रात्री एकटीने जायची भीती असते ती वेगळीच.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कार्यालयातील स्त्रियांसाठी आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. समितीचा पत्ता आपल्या बुद्धविहारांच्या फलकावर लिहून ठेवणे अवघड नाही.

संस्थेपुढील काम

आपल्या संस्थेने आजवर वह्यावाटप, गुणवंतांचा सत्कार, रक्तदान ही कामे निष्ठेने केली आहेत. त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु गेल्या वर्षी ज्या रविवारी आम्ही चौघांनी विहाराच्या ओसरीवर टेबल टाकून नुसते कागद पाहून देण्याचे काम केले, त्या दिवशी दुपारपर्यंत रांग हटली नाही. आलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे काम नवा अर्ज भरण्याचे नव्हतेच. कुणाच्या आधारवर ‘सोनवणे’ आणि कार्डावर ‘सोनावणे’ होते. कुणाला आपले धान्य येथेच मिळू शकते हे माहीत नव्हते. एका मजुराने ९० दिवसांचा दाखला मागितला म्हणून मुकादमाने त्याला कामावर घेणे बंद केले होते. त्याच्यासाठी आम्हाला काही करता आले नाही, कारण तो पुन्हा आलाच नाही आणि त्याचा पत्ता आमच्याजवळ नव्हता.

हे टेबल दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक लावावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी हवेत. मोबाइलवर अर्ज भरणे त्यांना आमच्यापेक्षा चांगले जमते. हिंदी बोलता येणारे दोघे तरी असावेत, कारण शेडमधून येणारा प्रत्येक जण मराठी असेल असे नाही आणि टेबलावर गाव विचारले जाणार नाही. ज्यांच्या वस्तीत नव्याने मजुरांची शेड उभी राहिली असेल त्यांनी एकदा आत जाऊन टाकी कशी बांधली आहे, वीज कुठून घेतली आहे, शेडमागची भिंत किती जुनी आहे हे पाहावे आणि क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. पोचेची झेरॉक्स विहारातील फाईलमध्ये लावण्याची व्यवस्था केली आहे.